पोळी, भाकर आणि पचनाची गोळी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे लेखी रूप)



‘पोट आणि पचन’ हा विषय कार्यकारिणीनं मला दिला आणि आधीच चिठ्ठ्या मागवल्या, हे फार बरं केलं. चिठ्ठ्या बऱ्याच आल्या. नावं वाचत नाही, काळजी करू नका. पण सगळ्या एकत्र ठेवल्या तर त्यांचा मिळून एकच प्रश्न होतो. गव्हाची पोळी खाल्ली की पोट फुगतं, ढेकर येतात, जड वाटतं. मग एन्झाइमची गोळी किंवा प्रोबायोटिकची कॅप्सूल घेतली तर पोळी चालेल का?

उत्तर आधी सांगतो, मग समजावतो. गव्हातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, पचवायला अशा गोळीचा काही थोड्या लोकांना उपयोग होतो. पण ज्याला गव्हातलं ग्लुटेन सोसतच नाही, म्हणजे ज्याला सिलिॲक हा आजार आहे, त्याला दुकानातली कुठलीही गोळी पोळी खाण्याची परवानगी देऊ शकत नाही. या दोन गोष्टींतला फरक कळला नाही तर एखाद्या लेकराची वाढीची वर्षं वाया जातात. मी डॉक्टर नाही, औषधनिर्माता आहे. तपासणं आणि उपचार ठरवणं हे डॉक्टरांचं काम. पण बाटलीत काय असतं आणि ते पोटात गेल्यावर काय करतं, एवढं मी सांगू शकतो.

गव्हाच्या दाण्यात दोन वेगळ्या वस्तू

गव्हाच्या पिठात सगळ्यात जास्त असतं ते पिष्ट. शंभर ग्रॅम पिठात साधारण सत्तर ग्रॅम कर्बोदकं, त्यातलं बहुतेक पिष्टच. प्रथिनं साधारण दहा-बारा ग्रॅम, आणि त्यातला मोठा वाटा ग्लुटेनचा. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, पोळी न फाटता लाटता येते, तो ग्लुटेनमुळे. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही, म्हणून भाकर लाटता येत नाही, थापावी लागते. हा प्रयोग आपल्या घरी रोज होतो, फक्त आपण त्याला प्रयोग म्हणत नाही.

पिष्ट म्हणजे साखरेच्या मण्यांची लांब माळ. ती तोडायला तोंडातली लाळ सुरुवात करते. भाकरीचा तुकडा नीट चावत राहिलात तर थोड्या वेळानं गोडसर लागतो, तो याच कारणानं. लाळेतल्या एन्झाइमचं नाव अमायलेज. पुढे स्वादुपिंड भरपूर अमायलेज सोडतं, आणि शेवटचे छोटे तुकडे आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे एन्झाइम तोडतात. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी जास्त एन्झाइम बनवतं. म्हणून निरोगी माणसानं जेवणावर डायस्टेजचं सिरप घेतलं, तर बऱ्याचदा भरलेल्या विहिरीत बादलीभर पाणी ओतल्यासारखं होतं.

हे डायस्टेज काही नवं नाही. पायां आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते मोड आलेल्या सातूतून १८३३ साली वेगळं केलं. पुढे जपानच्या जोकिची ताकामिने यांनी बुरशीपासून तसंच एन्झाइम बनवून १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. आजही आपल्या दुकानातल्या पाचक सिरपच्या बाटलीवर ‘फंगल डायस्टेज’ लिहिलेलं दिसतं. म्हणजे बुरशीपासून काढलेलं, पिष्ट तोडणारं एन्झाइम. सोबत कधी पेप्सिन, कधी पपईतलं पपेन. यातलं डायस्टेज ग्लुटेनला हातही लावत नाही. आणि पेप्सिन? ते तर आपल्या जठरात आधीच असतं, आणि ग्लुटेन त्यालाच दाद देत नाही. ते का, ते आता बघू.

न तुटणारा तुकडा

कुठलंही प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ग्लुटेनच्या साखळीत प्रोलिन आणि ग्लुटामिन ही दोन अमिनो आम्लं फार दाटीनं आहेत. प्रोलिनची रचना अशी, की आपल्या पोटातल्या कात्र्या तिथे बसतच नाहीत. त्यामुळे ग्लुटेनचे काही लांब तुकडे न तुटता लहान आतड्यात पोचतात.

हा तुकडा नेमका कोणता, हे शोधणाऱ्यांत आपल्याला जवळचं वाटावं असं एक नाव आहे. चैतन्य खोसला हे मुंबईच्या आयआयटीतून १९८५ साली रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेला गेले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या घरातच सिलिॲकचा आजार आला, आणि त्यांनी आपलं संशोधन तिकडे वळवलं. २००२ साली त्यांच्या गटानं ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवला, जो जठर, स्वादुपिंड आणि आतडं या तिघांच्याही एन्झाइमांना पुरून उरतो.

हा तुकडा सगळ्यांच्याच पोटात तयार होतो. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही. पण काही जणांच्या शरीरातली रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला शत्रू समजते आणि लढाईत स्वतःच्याच आतड्याचं अस्तर जाळून टाकते. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, ते सपाट होतात. अन्न शोषणारी जागाच कमी झाली की लोह शोषलं जात नाही, कॅल्शिअम शोषलं जात नाही. मूल वाढत नाही. बाईमाणसाचं रक्त कितीही गोळ्या घेतल्या तरी चढत नाही.

आणि आता महत्त्वाची गोष्ट. पिष्टाचे शेवटचे तुकडे आणि दुधातली साखर तोडणारे एन्झाइम याच अस्तरावर बसलेले असतात. अस्तर गेलं की तेही गेले. मग दूध सोसत नाही, जेवण सोसत नाही, पोट फुगतं. आपण म्हणतो, ‘पचनशक्ती कमी आहे’, आणि पाचक सिरप आणतो. थोडं हलकं वाटतं, दुखणं मात्र आत चालूच राहतं.

माझ्या नात्यातल्या एका मुलीचं असंच झालं. तिच्या आईनं सांगायला परवानगी दिली म्हणून सांगतो. आठ वर्षांची पोर, वर्गात सगळ्यात बुटकी. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे. दोन वर्षं जंताचं औषध, लोहाचं सिरप, पाचक सिरप, शक्तीची पावडर, सगळं झालं. ‘आमच्या घराण्यात सगळे बारीकच’ हेही झालं. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी करायला लावली, मग अकोल्याला दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि निदान झालं. औषध असं काही दिलं नाही. गहू बंद, भाकर-भात सुरू. वर्षभरात तिचे गणवेश आखूड झाले. आज ती दहावीत आहे.

पण लग्नसराई आली की नातेवाईक तिच्या आईला म्हणतात, “अवो, आता त्याच्यावरबी गोळी निघाली म्हणतात. एक गोळी देऊन द्या अन् खाऊ द्या ना पोरीला पोळी.” आजचं भाषण खरं म्हणजे या वाक्यासाठी आहे.

गोळीचा हिशेब

ग्लुटेन तोडणारी एन्झाइम आहेत, हे खरं आहे. काही बुरशीपासून, काही जिवाणूंपासून मिळतात. त्यातलं अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून काढलेलं एन्झाइम जठराच्या आम्लातही काम करतं आणि ग्लुटेनचा बराच भाग तोडतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. ‘डीपीपी-फोर’ लिहिलेल्या कॅप्सूलही मिळतात. पण ते एन्झाइम आम्लात नीट काम करत नाही, आणि काम तर जठरातच व्हायला पाहिजे. कारण जठरातून अन्न पुढे सरकलं की लगेच तेच आतडं येतं, जिथे इजा होते.

आता हिशेब मांडू. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक धरा. त्यात प्रथिनं साधारण ३ ग्रॅम, आणि ग्लुटेन अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २५०० मिलिग्रॅम. इटलीत कातासी यांच्या गटानं २००७ साली दाखवलं, की सिलिॲकच्या रुग्णानं रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतलं तरी आतड्याला इजा होते. ५० मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा पन्नासावा भाग, बोटाच्या चिमटीत मावेल एवढा तुकडा.

समजा गोळी फार चांगली आहे, तिनं शंभरातले नव्वद भाग तोडले. उरले किती? २५० मिलिग्रॅम. म्हणजे इजा करणाऱ्या मात्रेच्या पाचपट, आणि तेही एकाच पोळीत. लग्नात एका पोळीवर कोण थांबतं?

स्वतः खोसलांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेलं लॅटिग्लुटेनेज हे औषध दोन एन्झाइमांचं मिश्रण आहे. पथ्य पाळूनही त्रास असलेल्या ४९४ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली आणि २०१७ साली निकाल छापून आला. खऱ्या औषधानं जेवढा फरक पडला, तेवढाच खोट्या गोळीनंही पडला. नंतरच्या एका लहान चाचणीत ठरवून दिलेलं थोडं ग्लुटेन खायला घालून बघितलं, तेव्हा औषधामुळे इजा कमी झाली. म्हणजे पुढे आशा आहे. पण ती चुकून पोटात गेलेल्या कणांसाठी आहे, पोळी खाण्यासाठी नाही. आणि हे औषध अजून दुकानात आलेलं नाही.

विरजण आणि कॅप्सूल

प्रोबायोटिक म्हणजे काय? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००१ साली ठरवलेली व्याख्या साधी आहे: पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातला ‘जिवंत’ हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात दुकानाच्या फळीवर तापलेल्या कॅप्सूलमध्ये जिवंत किती उरले असतील, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

काही जिवाणू ग्लुटेन तोडतात, हेही खरं. इटलीतल्या संशोधकांनी लॅक्टिक जिवाणू आणि बुरशीची एन्झाइमं वापरून गव्हाचं पीठ इतकं आंबवलं, की त्यात ग्लुटेन जवळपास उरलंच नाही. त्या पिठाचे पदार्थ थोड्या रुग्णांनी ६० दिवस खाल्ले आणि इजा झाली नाही. पण ते काम भांड्यात, मोजून-मापून, बरेच तास चालतं. रात्री भिजवून सकाळी केलेल्या ब्रेडमध्ये किंवा भटुऱ्यात तसं होत नाही. आणि कॅप्सूलमधले जिवाणू पोटात तेच काम जेवणाच्या तासाभरात उरकतील, असं तर मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात पथ्यावर असूनही त्रास असलेल्या रुग्णांना आठ जातींच्या जिवाणूंचं मिश्रण देऊन बघितलं. लक्षणांत फरक दिसला नाही.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी दिल्लीच्या एम्सबरोबर सिलिॲकचे रुग्ण, त्यांचे सख्खे नातेवाईक आणि इतर लोक यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची तुलना केली आणि २०१९ साली ती प्रसिद्ध झाली. जिवाणूंमध्ये फरक आहेत, हे त्यातून कळतं. पण फरक दिसणं वेगळं आणि त्यावर औषध सापडणं वेगळं. जाहिराती मधली पायरी गाळतात.

आणखी एक. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात २०१५ साली जास्त खपणारी २२ प्रोबायोटिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १२ मध्ये ग्लुटेनचा अंश सापडला. म्हणजे ज्याच्यासाठी घ्यायचं, त्यालाच बाधायचं.

मग उपयोग कुठे आहे?

गोळ्यांना सरसकट वाईट म्हणत नाही, नाहीतर माझंच दुकान बंद पडेल. स्वादुपिंड खराब झालेल्या रुग्णाला पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल अत्यावश्यक असतात, त्या बंद करू नका. त्या बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. कुणाला अडचण असेल तर डॉक्टरांशी बोला, परस्पर थांबवू नका. दूध न सोसणाऱ्याला लॅक्टेजची गोळी उपयोगी पडते. दही-ताकही चालतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली साखर तोडायला मदत करतात. डाळी-उसळींच्या गॅसवर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम काम करतं. या सगळ्यांचं काम सोपं आहे: एक ठरलेला धागा तोडायचा, आणि थोडा उरला तरी फार तर गॅस होतो. ग्लुटेनच्या आजारात उरलेला थोडासुद्धा महाग पडतो.

मधुमेहाच्या मंडळींनी इकडे लक्ष द्या. अकार्बोज नावाची गोळी पिष्ट तोडणाऱ्या एन्झाइमांना मुद्दाम अडवते, म्हणजे साखर हळू चढते. अडलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात आंबतं आणि गॅस होतो. मग गॅस झाला म्हणून आपण डायस्टेजचं सिरप घेतो. एक औषध दार लावतं, दुसरं उघडतं. ही दोन्ही एकत्र घ्यायची नसतात.

ज्यांना सिलिॲक नाही, पण पोळीनं फुगतं, त्यांचं काय? नॉर्वेत ५९ लोकांवर एक सुंदर प्रयोग झाला, २०१८ साली छापून आला. सगळे म्हणायचे, आम्हाला ग्लुटेन बाधतं. त्यांना न सांगता वेगवेगळ्या वड्या खायला दिल्या. सगळ्यात जास्त फुगारा आला तो ग्लुटेननं नाही, तर फ्रुक्टान या गव्हातल्याच एका कर्बोदकानं. हेच फ्रुक्टान कांद्या-लसणातही असतं. म्हणजे दोष पोळीचा की सोबतच्या झणझणीत रश्श्याचा, हेही बघावं लागेल. आणि पोटभर रोडगे खायचे, तेही आत कच्चे राहिलेले, घाईनं गिळलेले, वरून लगेच आडवं व्हायचं, याला कुठलं एन्झाइम पुरेल? कच्चं पिष्ट पचायला अवघडच. नीट भाजा, नीट चावा, दोन कमी खा.

आपल्या ताटात झालेला बदल

हा विषय इथं जऊळक्यात का? सिलिॲक हा पंजाब-दिल्लीकडचा आजार, असं आपण समजत होतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशातल्या तेवीस हजारांवर प्रौढांची तपासणी झाली. रक्तात या आजाराच्या अँटीबॉडी उत्तरेत शेकडा १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० लोकांत सापडल्या. पण आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्ही भागांत जवळपास सारखीच, सुमारे तिघांत एकाकडे. मोठा फरक होता गव्हाचा. उत्तरेत रोज सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५.

आता आपल्या घराकडे बघा. आजीच्या काळात या शिवारात ज्वारी होती आणि सणावाराला पोळी होती. आज शिवारात सोयाबीन आहे, रेशनच्या पिशवीत गहू आहे, मुलांच्या डब्यात पोळी आणि बिस्किटं आहेत. ज्वारी विकत आणावी लागते, आणि कित्येकदा गव्हाहून महाग पडते. आपलं ताट हळूहळू उत्तरेकडे सरकतंय. जनुकं आपल्याकडेही असणारच. म्हणून ‘आपल्यात नसतो हा आजार’ असं म्हणून चालणार नाही.

काय करायचं

मूल वयाप्रमाणे वाढत नाही, रक्त चढत नाही, जुलाब पुन्हा पुन्हा होतात, वजन उतरतं, तोंड सारखं येतं, असं असेल तर डॉक्टरांना ‘टीटीजी’ या रक्ततपासणीबद्दल विचारा. लहानपणीच इन्सुलिन सुरू झालेल्या मुलांनी आणि थायरॉइडच्या रुग्णांनीही विचारावं. रुग्णाच्या सख्ख्या नात्यातल्या शंभरात सात-आठ जणांना हा आजार निघतो, म्हणून भावंडांना आणि आईवडिलांनाही तपासा.

तपासणीआधी गहू बंद करू नका. ही आजची सगळ्यात महत्त्वाची सूचना. मोबाइलवर बघून कुणी आधीच गहू सोडला, तर अँटीबॉडी उतरतात, तपासणी खोटीच चांगली येते आणि निदान हुकतं.

निदान झालं, तर पथ्य जन्मभराचं आणि पूर्ण. खपली गहू, बन्सी गहू, रवा, मैदा, शेवया, सातू यांतलं काहीच चालत नाही. ‘खपलीत ग्लुटेन नसतं’ असं सांगून कुणी विकत असेल तर ते खरं नाही. बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. आणि गिरणी! आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळले की पाठोपाठ आपली ज्वारी टाकतात. पहिले चार-दोन ओंजळी पीठ गव्हाचंच येतं. त्या लेकरासाठी वेगळी घरघंटी, वेगळा पोळपाट, वेगळा तवा हवा. विकतच्या पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलं असेल, तर आपल्या कायद्यानं किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असायला पाहिजे.

कॅप्सूलच्या डबीवर बारीक अक्षरं वाचा. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना असते. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी विचारल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊ नये.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या सोसायटीच्या प्रत्येक स्नेहभोजनात एक ताट ज्वारीच्या भाकरीचं, आधी धुतलेल्या वेगळ्या तव्यावर, पोळ्या सुरू व्हायच्या आधी करून झाकून ठेवलेलं असावं. सोबत भात, वरण आणि हिंगाशिवायची भाजी. वाढपी वेगळा, चमचा वेगळा. खर्च फारसा येणार नाही. आणि ज्या घरी असं मूल असेल, त्या आईला “आमची पोर नाही जेवत बरं, घरून खाऊन आलोत” असं पंगतीत सांगावं लागणार नाही. आज किती घरं अशी आहेत, मला माहीत नाही. पण ताट ठेवलं तर ती आपणहून पुढे येतील.